वाघोबांचा चातुर्मास आणि रानलसूण

एका जंगलात एक वाघ राज्य करायचा आणि, बाळांनो, तो भलताच धार्मिक होता. चातुर्मासात तो कांदा-लसणाला शिवत नसे. शेळ्या मात्र खात असे, कारण त्याच्या पोथीत शेळ्यांबद्दल काही लिहिलेलं नव्हतं.

राजाने लसूण सोडली म्हणून कोल्हा प्रधानानेही सोडली. मग सगळ्या दरबाराने सोडली.

जंगलाच्या कडेला म्हाळसा धनगरीण राहायची. तिच्या शेळ्या एकेक करून राजवाड्यात जेवणाला गेल्या होत्या, म्हणजे जेवण म्हणून. उरली होती एकटी पवळी. म्हाळसाचा तिच्यावर फार जीव. ओढ्याकाठी जाऊन ती खुरप्याने रानलसूण काढायची. गड्डे ठेचून भाकरीबरोबर स्वतःला, हिरवी पात पवळीला. दोघी मिटक्या मारत जेवायच्या.

एके दिवशी कोल्हा सांगत आला, की उद्या महाराजांच्या पानात पवळी आहे. म्हाळसाने पवळीच्या गळ्यात पडून हंबरडा फोडला, तेवढ्यात पवळीने तिच्या तोंडावर ढेकर दिला.

म्हाळसा रडायची थांबली. मग खुदखुदून हसायला लागली.

सकाळी ती स्वतःच पवळीला घेऊन दरबारात गेली.

"सरकार, खुशाल खावा हिला. पर हिच्या अंगात लसूण मुरलीय. तुमचा चातुर्मास मोडला तर मला बोल लावू नका."

वाघाने हुंगून पाहिलं आणि नाक दाबलं. मग धनगरीणच चालेल, असं कोल्ह्याने सुचवलं. म्हाळसाने पुढे होऊन मोठा "आ" केला. दोघेही मागे सरकले.

बातमी फुटली आणि अख्खा गाव खुरपी घेऊन ओढ्यावर धावला. बायकांनी भाकरीला चटणी केली, गुरांना पात घातली. गाई ढेकर देऊ लागल्या. कोंबड्यांच्या आरवण्याला वास येऊ लागला. माणसं एकमेकांच्या तोंडावर जांभया देत रस्त्याने नाचत सुटली.

वाघाचं पोट खपाटीला गेलं. जिकडे तोंड करावं तिकडे लसूण. व्रत तर मोडायचं नव्हतं. आणि मग अगदी जवळून त्याला एक स्वच्छ, सात्त्विक वास आला.

"प्रधानजी, तुम्ही खरंच लसणाला शिवला नाहीत?" त्याने मायेने विचारलं.

"शपथेवर सांगतो, महाराज. पातसुद्धा नाही."

कोल्हा जन्मात पहिल्यांदाच खरं बोलला होता. संध्याकाळी प्रधानाची जागा रिकामी झाली.

तात्पर्य: राजाबरोबर जो व्रत धरतो, तो राजाला व्रतात चालतो.