दामोदररावांची नाव

एका जंगलात, बाळांनो, एक तळं होतं आणि तळ्यात बदकं होती. म्हणजे आधी तळ्यात होती. पुढे ती काठावर आली. कशी आली तेच तर सांगायचंय, तेव्हा नीट मांडी घालून बसा आणि मध्ये मध्ये पाणी मागू नका.

त्या तळ्यावर एक कोल्हा यायचा. तो दिसला की बदकं धपाधप पाण्यात उड्या टाकायची. कोल्हा काठावर बसायचा, शेपूट चाटायचा आणि उपाशीपोटी परत जायचा.

मग एके दिवशी तो कोट घालून आला. काखेत खोकी होती.

"अजून पायांनीच पोहता?" त्यानं लांबूनच विचारलं. "अरेरे! पलीकडच्या तळ्यावर आता कुणी पायसुद्धा ओले करत नाही."

खोक्यांत इटुकल्या नावा होत्या. पोटात बॅटरी, बुडाशी पितळी पंखा. काठावर उभं राहून रिमोटचा खटका दाबला की नाव सुर्रकन निघायची. बदकांच्या माना तिच्याबरोबर डावीकडून उजवीकडे वळायच्या. वर सगळं फुकट! संध्याकाळपर्यंत 'तळेकाठ नौका मंडळ' उभं राहिलं. कोल्हा मंडळाचा सल्लागार झाला. आता त्याला कोल्हा म्हणायचं नाही, कोल्हेसाहेब म्हणायचं.

"नाव काय, कुणीही चालवेल," कोल्हेसाहेब म्हणाले. "निगा राखणं ही खरी विद्या. आणि एक लक्षात ठेवा. बॅटरीला हात लावायचा तर अंग कोरडं हवं. पाण्यात उतरायचं नाही."

हे वाक्य ज्यांच्या काळजात जाऊन बसलं ते दामोदरराव बदक. माणूस तसा भला. म्हणजे बदक भलं. बायको सगुणाबाई आणि नुकतीच अंड्यातून निघालेली चार पिल्लं, असा त्यांचा संसार. उठल्या उठल्या दामोदरराव पंख्याच्या पात्यांवरून नख फिरवायचे. कुठे खरबरीत लागलं की कानस काढायचे. पंख्याच्या दांड्याला गुंडाळलेलं शेवाळ तंतू तंतू करून चोचीनं उपसायचे. मग वाळू भरलेल्या मडक्यात बॅटरी ठेवून ती चार्जिंगला लावायची आणि समोर बसायचं. त्या मडक्यात सगुणाबाई पूर्वी धान्य ठेवत. आता धान्य जमिनीवर होतं.

त्या तळ्यावर एक रीत होती. पिल्लाला पहिल्यांदा पाण्यात न्यायचं ते बापानंच.

"अहो, पोरांना पाण्यात न्या की," सगुणाबाई म्हणाल्या. "पिसं फुटायला लागली, अजून पाणी कसलं ते ठाऊक नाही त्यांना. उद्या काही अंगावर आलं तर कुठे पळतील?"

"चार्जिंगला लावलीय."

"मग?"

"मग काय? लावलेली बॅटरी सोडून उठायचं नसतं. पेट घेते."

"आणि झाली की?"

"झाली की चालवायची. चालवली की गार होऊ द्यायची. गार झाली की परत लावायची."

"म्हणजे तुम्ही मोकळे कधी?"

दामोदररावांना हा प्रश्नच कळला नाही.

इकडे मंडळातून एकेक सभासद दिसेनासा होऊ लागला. आधी नरहरराव गेले. शोकसभेत कोल्हेसाहेब बोलायला उभे राहिले. "गेले बिचारे," ते दात कोरत म्हणाले, "पण पंखा काय लखलखीत ठेवला होता!" सगळ्यांनी माना डोलावल्या. नरहरराव गेले कसे, हे विचारायचं राहून गेलं. पंख्याबद्दल मात्र दोघांनी शंका विचारल्या.

मग ग्रीस संपलं. दांड्याला ग्रीस नसलं की फटीतून पाणी नावेत शिरतं.

"घरचं आहे ना?" कोल्हेसाहेब म्हणाले.

बाळांनो, बदकाच्या शेपटीशी तेलाची गाठ असते. ते तेल चोचीनं पिसांना चोळलं की बदक भिजत नाही. दामोदरराव ते तेल थेंब न् थेंब दांड्याला घालू लागले. नावेत पाणी शिरायचं थांबलं. दामोदररावांची पिसं मात्र सुकल्या गवतासारखी झाली.

सगुणाबाईंनी रोजचा घोशाच लावला, तेव्हा एकदा ते तणतणत पाण्यात उतरले. उतरले ते पोतेऱ्यासारखे भिजले आणि मानेपर्यंत खाली गेले. कसेबसे काठावर आले. झाडावरचं वानर हसून हसून फांदीवरून पडलं.

"बघितलंस?" दामोदरराव कुडकुडत म्हणाले. "पाणी आपल्याला सोसतच नाही. कोल्हेसाहेब म्हणतात ते खोटं नाही."

"तेल कुठे गेलं तुमचं?"

"जिथे गरज होती तिथे गेलं."

महिनाअखेरीस मंडळाची स्पर्धा झाली. उत्कृष्ट निगा स्पर्धा! नावा पाण्यात सोडायच्याच नव्हत्या. सोडल्या असत्या तर खराब झाल्या असत्या. सतरंजीवर मांडल्या होत्या. ढाल अर्थातच दामोदररावांना मिळाली. तसे सभासद उरलेच होते कितीसे!

टाळ्या झाल्या. मंडळी पांगली. "दामोदरराव, तुम्ही जरा थांबा," कोल्हेसाहेब म्हणाले आणि त्यांनी कोट काढला. नीट घडी करून दगडावर ठेवला.

कोट काढला म्हणजे आता जेवायला बसायचं, हे पोरांना घेऊन काठावर थांबलेल्या सगुणाबाईंना बरोब्बर कळलं. त्यांनी रीत ठेवली बाजूला आणि चारही पिल्लांना एकापाठोपाठ एक पाण्यात ढकललं. वर स्वतः उडी घेतली.

पिल्लं बुडाली नाहीत. ती तरंगली. त्यांनी पाय हलवले आणि ती पुढे गेली. त्यांचं त्यांनाच इतकं नवल वाटलं की ती ओरडायलाच लागली.

"बाबा! नुसते पाय हलवायचे! या ना!"

"अहो, उडी टाका!" सगुणाबाई किंचाळल्या. "भिजलात तर भिजलात, मी ओढते तुम्हाला!"

दामोदररावांनी पोरांकडे बघितलं. पाण्यावर चार पिवळे गोळे आणि प्रत्येकामागे एक बारीक रेघ. पाय वाळूत आपोआप हलले. एक पाऊल पुढेही पडलं.

मग त्यांची नजर नावेवर गेली.

"आलो, आलो!" ते म्हणाले. "बॅटरी भरलेली आहे गं. भरलेली तशीच ठेवली तर फुगते. अर्धी उतरवतो आणि आलोच."

"अगदी बरोबर," मागून कोल्हेसाहेब म्हणाले. "सावकाश उतरवा. मला घाई नाही."

दामोदररावांनी बॅटरी अर्धी उतरवली. तारा सोडवल्या. पंखा कोरड्या फडक्यानं पुसला. एवढ्या वेळात तीनदा तळ्यात जाऊन येता आलं असतं. पण काम अर्धवट टाकणाऱ्यांतले ते नव्हते.

दुसऱ्या दिवशी कोल्हेसाहेब त्याच तळ्याच्या पलीकडच्या वळणावर गेले. तिथे नवी बदकं पोहत होती.

"एकाच हातची आहे," नाव वर धरून ते म्हणाले. "मालकानं अगदी जिवापाड जपली होती."

तात्पर्य : बॅटरी पूर्ण भरून ठेवू नये आणि पंखा ओला ठेवू नये. एवढं पाळलं, तर नाव मालकापेक्षा नक्की जास्त टिकते.