चार नवऱ्यांची सिग्रून

सिग्रून थंडी अंशांत मोजत नसे, नवऱ्यांत मोजायची. "आज दंतवैद्य पुरेल," असं ती म्हणाली की समजावं, उणे पाच आहे. उणे पंधराला गायक. आणि नाकातले केस गोठायला लागले की दारात उभी राहून जाहीर करायची, "आज जहाजवाल्याशिवाय गत्यंतर नाही!"

तिच्या दारामागे चार खुंट्या होत्या आणि त्यांवर चार नवऱ्यांचे चार ओव्हरकोट. घटस्फोट असो की अंत्यसंस्कार, ती कोट तेवढा मागून घ्यायची. "घर मागून काय करू? घर अंगात घालून स्नो शोव्हल करता येत नाही."

हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या हातातली रव्याच्या लाडवांची ताटली कलंडली. कॅनडातल्या वॉटर्लूला तिच्या शेजारचं घर घेऊन आम्हाला जेमतेम आठवडा झाला होता. दोन हजार तीनच्या आसपासची गोष्ट.

तेव्हाची मी कशी होते ते सांगून टाकते, म्हणजे सिग्रूनवर अन्याय होणार नाही. वय बावन्न, अंगावर साडी, पायात स्नो-बूट आणि डोक्यात ठाण्यातल्या आमच्या आळीचं अख्खं पोलीसखातं. कॅनडात पंचवीस वर्षं काढूनही कोणाची सून किती वाजता उठते इथपर्यंत माझी गस्त असे. ती बाई आज माझ्या दारात आली तर मी तिला चहासुद्धा विचारणार नाही.

लाडू गोळा करत मी अदबीने विचारलं, "मी तुम्हाला मिसेस कोण म्हणू?"

"मिसेस कोणीच नाही. आमच्या आइसलँडमध्ये बाप लागतो नावाला, नवरा लागत नाही. पंतप्रधानालाही नुसत्या नावाने हाक मारतात. तू सुलभा, मी सिग्रून. हे गोळे खायचे की फेकायचे?"

घराणं मात्र मोठं. वडील मंत्री, आजोबांच्या मासेमारीच्या बोटी, आणि आजोबांच्या नावाचा रस्ता. जहाजवाल्याशी तिचं लग्न झालं तेव्हा त्या रस्त्यावरची रहदारी बंद ठेवली होती म्हणे. ते लग्न दोन वर्षं टिकलं. मग कोपनहेगनचा गायक, सात वर्षं. तिसरा खाणींवरचा इंजिनियर. तो तिला कॅनडात घेऊन आला आणि पाच वर्षांत वारला. चौथा इथलाच दंतवैद्य. तो आपल्या रिसेप्शनिस्टबरोबर निघून गेला. प्रत्येक हकिगतीच्या शेवटी सिग्रून म्हणायची, "लांबीच्या मानाने लग्न उत्तम होतं!"

मी घरी येऊन पाणी प्यायले. आमचे हे म्हणाले, "चारच ना? मग एवढी घामाघूम का झालीस?" मीनल, माझी मुलगी, म्हणाली, "आई, शी इज सो कूल!" मी दोघांशी दोन दिवस बोलले नाही.

पुढच्या संक्रांतीला सिग्रून न बोलावता माझ्या हळदीकुंकवाला आली. वाण म्हणून स्वतः विणलेले मोजे आणले होते, एकेक. दुसरा मोजा ज्याने त्याने विणून घ्यावा, असं तिचं म्हणणं. बेसमेंटमध्ये पंधरा बायका, आणि माझ्या हातात कुंकवाचा करंडा तसाच. हिला लावायचं की नाही? गायक वारला होता, इंजिनियर वारला होता, पण जहाजवाला आणि दंतवैद्य हयात होते. मंडळातल्या जोशीकाकू माझ्या कानाशी लागल्या, "दोन-दोन म्हणजे टाय झाला गं. काय करतेस?" मी खरोखर घाम पुसत हिशेब करत उभी होते. तेवढ्यात सिग्रूनने स्वतःच बोट बुडवलं, कपाळावर ठसठशीत लावलं आणि उरलेलं माझ्या नाकावर पुसलं.

तरी त्याहून मोठा धक्का पाच वर्षांनी बसला. नोव्हेंबरातली दुपार. कॉफी पिता पिता ती म्हणाली, "डॉक्टर म्हणतो, फार तर हा हिवाळा. सुलभा, तू माझ्यावर मृत्युलेख लिही. लवकर लिही, मला वाचायचाय."

"शिव शिव! असलं अभद्र बोलू नये!"

तेव्हा तिने कपाटातून बिस्किटांचा डबा काढला. आत वर्तमानपत्रांची कात्रणं. त्यांच्याकडे माणूस गेलं की ओळखीचे लोक पेपरात त्याच्यावर लेख लिहितात, बरेचदा त्यालाच उद्देशून. तिच्या वडिलांवर दोन पानं भरून आले होते. "माझ्यावर कोण लिहिणार? घराण्याने दुसऱ्या लग्नानंतर जेवायला बोलावणं बंद केलं आणि चौथ्यानंतर पत्रं. लेख आला नाही तर लोकांना वाटेल, हिला कोणी ओळखतच नव्हतं."

मी लिहिला. आम्हाला काय, साचा पाठ असतो. इंग्रजीत लिहिलं : मनमिळाऊ, धार्मिक वृत्तीच्या, सर्वांना हव्याहव्याशा, सुखी संसार केलेल्या. चार नवरे मी 'सुखी संसार' या दोन शब्दांत चेपून बसवले होते आणि वर स्वतःच्या शालीनतेवर खूश होते.

सिग्रूनने चष्मा लावून वाचलं. "ही बाई गेली याचं वाईट वाटलं. पण मी हिला ओळखत नाही. नवरे कुठे आहेत?"

"ते... लिहिणं बरं दिसत नाही."

"अगं, पन्नास वर्षांचं काम आहे ते माझं!"

मग तिने डब्यातली तीन कात्रणं वेगळी काढली. तिन्ही तिने लिहिलेली. एक गायकावर : तू घरी कधी गायला नाहीस, कारण मी झोपलेली असायचे. एक इंजिनियरवर, फक्त चार ओळी. त्या तिने मला वाचून दाखवल्या नाहीत. आणि एक दंतवैद्यावर, तो आदल्याच वर्षी गेला होता. आइसलँडमध्ये त्याला काळं कुत्रं ओळखत नव्हतं, तरी तिथल्या पेपरात हिने छापून आणलं होतं : तू अवजारं आधी तळहातात धरून ऊबदार करायचास, मग लहान मुलांच्या तोंडात घालायचास.

"तो तर तुला टाकून गेला!" मी म्हटलं.

"हो. पण अवजारं ऊबदार असायची ना."

मी माझा लेख तिच्या हातातून काढून घेतला आणि घडी करून पर्समध्ये टाकला.

दुसरा लेख लिहायला मला जानेवारी उजाडला. चारही नवरे घातले, मोजे घातले, माझ्या नाकावरचं कुंकूही घातलं. हॉस्पिटलात तिला वाचून दाखवला. ती डोळे मिटूनच म्हणाली, "जहाजवाल्याला टक्कल नव्हतं. बाकी ही बाई मला माहीत आहे." फेब्रुवारीत ती गेली. आइसलँडच्या पेपरात तिच्या फोटोखाली एकच लेख आला, माझा, कोणीतरी भाषांतर केलेला.

महिन्याभराने वकिलाकडून माझ्या नावाचं पाकीट आलं. आत तिच्या हाताने लिहिलेली दोन पानं, तिच्या भाषेत. सोबत इंग्रजीत चिठ्ठी : 'तुझी वेळ येईल तेव्हा मी नसेन, म्हणून आधीच लिहून ठेवलाय. मीनलला सांग, छापून आण.'

मीनल म्हणते, "आई, कॉम्प्युटर दोन मिनिटांत ट्रान्सलेट करेल." मी नको म्हणते. मृत्युलेख आधी वाचायची हिंमत सिग्रूनला होती, मला अजून नाही. नुसती अक्षरं पाहते कधीकधी. दोन पानांत ह्यांचं नाव एकदाच आलंय. माझं अकरा वेळा.