तात्यांचं काय झालं?

भुईगावच्या ज्युलियस सरांनी सगळ्या आळीला शपथ घातली, तीही बेलाच्या नावाने. ‘खाडीपल्याड’ सिनेमाचा शेवट माझ्यासमोर कोणी सांगायचा नाही. बेला म्हणजे सरांची बायको. तिला जाऊन येत्या रविवारी वर्ष होणार होतं, त्यामुळे तिच्या नावाची शपथ मोडायची कोणाची छाती नव्हती.

‘खाडीपल्याड’ आधी टीव्हीवरची मालिका होती. शेवटच्या भागात त्यातल्या म्हाताऱ्या तात्यांची होडी रिकामीच परत आली आणि मालिका संपली. तात्या गेले असं अख्ख्या गावाने धरलं, एकट्या बेलाने नाही. मालिकेचा पुढचा भाग म्हणून सिनेमा येणार अशी बातमी आली, तेव्हा ती अंथरुणाला खिळलेली होती. तिने सरांचा हात धरला.

“तात्या जिवंत आहेत. बघून या आणि मला येऊन सांगा. पण झोपू नका.”

झोपेचं बोलली ते उगाच नव्हतं. मालिकेचं शीर्षकगीत सुरू झालं की इकडे सरांचं घोरणं सुरू व्हायचं. इतकी वर्षं सरांनी ती मालिका पाहिली ती बेलाच्या तोंडून, सकाळच्या चहाबरोबर. “तुम्ही घोरायला लागलात ना, तिथून सांगते,” अशी तिची सुरुवात असे. आता चहा सर एकटेच करत आणि तो रोज बिघडे. रात्रभर डोळ्याला डोळा लागत नसे, म्हणून निदान सिनेमात झोप येईल ही भीती त्यांना उरली नव्हती.

बेलासाठी चर्चमध्ये होणाऱ्या वर्षाच्या मिस्सेच्या, म्हणजे प्रार्थनेच्या, आदल्या दिवशी सिनेमा बघायचा, म्हणजे बेलाला ताजाताजा सांगता येईल, असं त्यांनी ठरवलं. तोवर शपथेनेच घोळ घातला. सर पाव आणायला गेले की दुकानातल्या बायका गप्प होत. चर्चच्या अंगणात ते दिसले की घोळका पांगे. शेजारची क्लारा तर सिनेमा पाहून आल्यापासून त्यांना बघताच तोंडावर हात ठेवून आत पळायची. आधीच घर खायला उठलेलं, त्यात माणसंही तुटली. सर एकटे बसून क्लाराच्या चेहऱ्याचा अर्थ लावत. तो चेहरा काही तात्या जिवंत असल्याचा वाटत नव्हता.

शनिवारी मुलगी मर्लिन त्यांना वसईच्या थिएटरात घेऊन गेली. सिनेमाचा तो शेवटचा खेळ होता. खबरदारी म्हणून सर निघताना तांब्याभर काळी कॉफी प्यायले. झोप आली नाही, दुसरंच आलं. अर्धा सिनेमा ते अंधारात लोकांच्या पायांवर पाय देत आत-बाहेर करत राहिले. “काका, एकदा काय ते ठरवा,” असं मागून कोणीतरी म्हणालंही. मध्यंतरानंतर कुठे सुटका झाली. अंग थकलेलं, वर गार हवा, आणि पडद्यावर तात्यांची होडी दिसून ते जुनं शीर्षकगीत सुरू झालं.

जाग आली तेव्हा दिवे लागले होते आणि झाडूवाली पायाशी सांडलेले पॉपकॉर्न गोळा करत होती.

“मर्लिन, तात्यांचं काय झालं?”

“मला नाही माहीत, पप्पा.”

“तू तर जागी होतीस.”

“मी तुमच्याकडेच बघत होते. मम्मी गेल्यापासून पहिल्यांदा झोपलेले दिसलात. उठवायला जीवच होईना.”

सरांना रागवायचं होतं, पण रडूच आलं.

रविवारी मिस्सेनंतर क्लारा बेलाच्या कबरीवर मेणबत्ती लावत होती. सरांनी शरमेने मान खाली घालून विचारलं, “क्लारा, सांग आता. तात्या जिवंत आहेत का?”

क्लाराने तोंडावर हात ठेवला. “बेलाची शपथ आहे, सर. ती तिच्याच कबरीपाशी मोडू?”

शपथ सुटली, सुटली, म्हणून सर विनवू लागले. जिच्या नावाने घातली तिनेच ती सोडवायची असते, असं सांगून क्लारा डोळे पुसत निघून गेली.

सगळे पांगल्यावर सर कबरीच्या कठड्यावर बसले. त्यांनी बेलाला आठवेल तेवढं सांगितलं. तात्यांची सून, घराचं भांडण, धक्क्यावर लावलेला कंदील. आत-बाहेर करताना हुकलेलं तेवढं गाळलं. मग धुक्यातून होडी दिसली तिथे ते थांबले.

“इथे मी घोरायला लागलो,” ते म्हणाले. “पुढचं तू सांग.”

आणि ते ऐकायला बसून राहिले.