नामदेवभाऊंचं वादळ

जाहीर सूचना. नागपूर शहरातील, आणि विशेषतः प्रताप नगरातील तमाम नागरिकांना कळवण्यात येते की, मादागास्कर बेटाच्या ईशान्य किनाऱ्यावर आज आकाश निरभ्र असून वारा मंद आहे. नागरिकांनी घाबरून जाऊ नये. आनंदूनही जाऊ नये.

ही सूचना सरकारी नाही. आमच्या समोरच्या घराच्या फाटकातून ती रोज सकाळी दुधाच्या पिशव्यांसोबत प्रसृत होते. बनियन, लुंगी, कपाळावर चढवलेला चष्मा आणि हातात मोबाइल, अशा राजवेषात नामदेवभाऊ धकाते फाटकाशी उभे राहतात, ओळखीचा पहिला माणूस अडवतात आणि खोल सुस्कारा सोडून सांगतात, "आज बी काही नाही गा तिकडं. नुसतं ऊन."

मे महिन्यात नागपूर तव्यासारखं तापतं, डांबराला चपला चिकटतात, कूलरसमोरून माणूस हलत नाही. पण इथल्या हवेत नामदेवभाऊंना काडीचा रस नाही. "नागपूरचं काय पाहाचं? ते तं तापूनच राहिलं. तिकडचं बोल."

तिकडचं बोलायचं तर व्हॅनिलाबद्दल बोलावं लागतं. आपण जिला आइस्क्रीममधला सगळ्यात गरीब प्रकार समजतो, ती व्हॅनिला म्हणजे एका वेलीची शेंग. जगातल्या बहुतेक शेंगा मादागास्करातून येतात. तिकडे मोठं वादळ झालं की वेली मोडतात, शेंगा झडतात आणि जगभर भाव आभाळाला भिडतो. तिकडे ऊन पडलं की भाव जमिनीवर आपटतो. मधे एकदा हा भाव चांदीच्याही वर गेला होता. अजून वर जाईल या भरवशावर नामदेवभाऊंनी नेमकी तेव्हाच आयुष्यातली सगळ्यात मोठी खरेदी केली. त्यानंतर भाव जो घसरला, तो त्यांच्या मनासारखा कधी उठलाच नाही.

तो सगळा माल त्यांच्या झोपायच्या खोलीत, मेणकागद लावलेल्या पत्र्याच्या पेट्यांत, लोखंडी कपाटात आहे. त्याच कपाटात कुसुमवहिनींच्या साड्या आणि भाऊंचे सदरे. परिणामी धकाते दांपत्याला बेकरीचा वास येतो. लग्नकार्यात हे खपून जातं. पण परवा आमच्या गल्लीतल्या एका आजोबांच्या मयतीला नामदेवभाऊ धुतलेला सदरा घालून आले आणि रडणाऱ्या मंडळींत जे बसले, तर दहा मिनिटांत आजोबांच्या धाकट्या नातवानं डोळे पुसत आईला विचारलं, "केक कधी कापायचा?"

वहिनी म्हणतात, "माह्या लग्नातल्या शालूले बी केकाचा वास आहे. मी मेल्यावर तोच नेसवान तुम्ही मले. मेणबत्ती लावजा वरतून."

"तसं काहून बोलतं वं?" नामदेवभाऊ दुखावून म्हणतात. "भाव येऊ दे. तुले नवीन कपाट."

नामदेवभाऊ मूळचे उमरेडच्या विणकरांच्या घरातले. आजोबांचा हातमाग होता. वडिलांनी माग बंद केला आणि कळमन्याच्या बाजारात संत्र्याची अडत धरली. नामदेवभाऊंनी ती पुढे चालवली. संत्रा विकायला केरळात गेले आणि तिथे ही शेंग हुंगून आले. त्यानंतर त्यांना संत्र्याचा वासच येईनासा झाला, असं वहिनींचं म्हणणं.

लग्नाच्या पंगतीत नामदेवभाऊ हे एक संकट आहे. जेवण झालं की ते थेट आइस्क्रीमच्या टेबलाशी जातात आणि वाढणाऱ्याची उलटतपासणी सुरू होते.

"हे कशाचं आहे?"

"व्हॅनिला आहे, काका. साधं."

'साधं' हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारायचा नसतो. पण हे वाढणाऱ्याला कोण सांगणार?

"साधं? त्या फुलातला पराग एकेक करून हातानं जुळवा लागते गा! सकाळी उमलते अन् दुपारी मरते. तेवढ्यात कोणी हात नाही लावला, तं शेंगच नाही. अन् तू साधं म्हणून राहिला? हा वास तं लाकडाच्या भुश्यातून काढलेला आहे! डब्यातलं!"

"काका, पहिले प्लेट घ्या अन् सरका. मागं लाइन लागली."

मग नामदेवभाऊ ते लाकडाच्या भुश्याचं आइस्क्रीम दोनदा घेतात. "निषेध म्हणून," असं मला डोळे मिचकावून सांगतात.

आता रंगनाथ. रंगनाथ हा मादागास्करातला शेंगांचा बागायतदार. त्याचं खरं नाव रांद्रियानासोलो की असंच काहीतरी, पण नामदेवभाऊंनी पहिल्याच भेटीत त्याचा रंगनाथ केला आणि त्यानंही तो मान्य केला. ही पहिली भेट, आणि आजवरची शेवटचीसुद्धा, कोचीला मसाल्याच्या व्यापाऱ्यांच्या मेळाव्यात झाली. दोघांचं इंग्रजी सारखंच तुटकं, त्यामुळे चटकन जमलं. रंगनाथनं सांगितलं की, माझी आई लिंबाच्या काट्यानं फुलं जुळवायची. हे ऐकून नामदेवभाऊंच्या अंगात संचार झाला. काटोलकडच्या एका बागेत जाऊन त्यांनी जंभेरीचे काटे तोडून आणले. जंभेरी म्हणजे जिच्यावर संत्र्याचं कलम बांधतात ते रानटी लिंबू. तिचा काटा दाभणासारखा. ते काटे त्यांनी कापसात गुंडाळून थेट मादागास्करला पाठवले. रंगनाथच्या घरची माणसं तेव्हापासून नागपुरी काट्यानं फुलं जुळवतात, असा नामदेवभाऊंचा दावा आहे. "आपला काटा त्याह्यच्या फुलाले लागला गा!" हे ते अशा आवाजात सांगतात, जसं काही दोन घरांत सोयरीक झाली.

रंगनाथ दर वर्षी बोलावतो, फुलं उमलायच्या दिवसांत ये म्हणतो. नामदेवभाऊ दर वर्षी निघतात. एक पासपोर्ट कोरा राहून जुना झाला, दुसरा तसाच चालला आहे. भाव आला की जायचं, हे ठरलेलं. "त्याच्या आईच्या हातचा भात खायचा आहे मले," असं म्हणायचे. मग ती आई गेली. आता "त्याच्या बायकोच्या हातचा" म्हणतात. पण पूर्वीसारखं चवीनं म्हणत नाहीत.

तर असा हा भाव. त्याची वाट पाहून पाहून थकले, तेव्हा नामदेवभाऊंनी शेवटचा उपाय केला. मागच्या हिवाळ्यात एका शनिवारी ते मला घेऊन कॉलनीच्या मारुतीला गेले.

"नवस बोलाचा आहे," म्हणाले.

"कशाचा?"

"वादळाचा."

मी हसलो, तर ते गंभीरच. "हसतो काहून? हा पोरगा कोणाचा? वाऱ्याचा ना? मग वादळ याच्या घरचंच काम नाही का? दुसऱ्या देवाले सांगून काय फायदा? त्याहिले याच्याकडंच चिठ्ठी पाठवा लागंन."

 पुजारीबुवा हे ऐकत होते. ते म्हणाले, "भाऊ, देव भावाचा भुकेला आहे."

"मी बी तेच सांगून राहिलो त्याले," नामदेवभाऊ म्हणाले. "मी बी भावाचाच भुकेला आहो."

मग त्यांनी मारुतीपुढे हात जोडून जे सांगितलं, ते मी शेजारी उभं राहून ऐकलं. असा नवस कोणत्याही देवानं ऐकला नसेल. "हे पाह्य गा मारुतीराया. लई मोठं नाही पाहिजे. मध्यम. शेंगा झडल्या पाहिजे, घरं नाही पडले पाहिजे. माणूस तं एकबी नाही. अन् किनाऱ्यावर आला की एक मोठी नदी लागते, तिच्या उजव्या अंगाले रंगनाथचं गाव आहे. तिथून वळसा घालाचा. डावीकडून जाय. डावीकडं तसंबी जंगलच आहे."

एवढं सांगून ते थांबले, मग पुन्हा डोळे मिटून म्हणाले, "डावीकडं जंगलच आहे ना गा? असंनच."

ही गोष्ट मी गल्लीत सगळ्यांना सांगितली. पोट धरधरून हसलो आम्ही. पुढचे दोन महिने प्रताप नगरात कोणी कोणाला पत्ता सांगायचा झाला, तर "डावीकडून वळसा घाला, उजवीकडे रंगनाथ राहतो," असा सांगायचा.

आणि मार्चमध्ये वादळ आलं.

मोबाइलवर बातमी दिसताच पिठाच्या गिरणीवाल्यानं मला हाक मारून सांगितलं, "जमलं ना भाऊंचं! मारुतीनं ऐकलं!" गल्लीत आनंदीआनंद झाला. मादागास्करावर संकट आलं म्हणून फटाके वाजवायच्या बेतात असलेली जगातली एकमेव वस्ती आमची असावी. कोणाच्या मनात वाईट नव्हतं. आम्हाला मादागास्कर दिसतच नव्हतं, आम्हाला ते लोखंडी कपाट दिसत होतं.

पण दुसऱ्या दिवशी फाटकाशी कोणी नव्हतं. तिसऱ्या दिवशीही नाही. आम्ही म्हटलं, भाऊ सौद्यात गुंतले. तशी रामदासपेठेतल्या एका आइस्क्रीमवाल्या शेठची गाडीही दारात लागली होती. एरवी हे शेठ नामदेवभाऊंचा फोन उचलत नसत. आता स्वतः जिना चढून थेट कपाटाच्या खोलीत आले. वहिनींनी चहा केला. शेठनी चहा पिऊन कपाटाकडे पाहिलं. नामदेवभाऊ म्हणाले, "आज नाही."

"भाव कमी वाटतो का?"

"भाव नाही ऐकला मी तुमचा. आज नाही."

शेठ बाहेर येऊन माझ्याजवळ म्हणाले, "पक्का माणूस आहे. अजून चढवणार." मलाही तेच वाटलं. मी कौतुकानं मान हलवली, आणि संध्याकाळी पेढे घेऊन गेलो.

वहिनींनी दार उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं. "फोन लागला," त्या कुजबुजल्या. "इतक्या दिवसात आज लागला. त्या गावावरूनच गेलं ते वादळ. हे जेवले नाहीत धड."

परसात सीताफळाच्या झाडाखाली उलट्या बादलीवर नामदेवभाऊ बसले होते. दाढी वाढलेली. मोबाइल दोन्ही हातांत, पूजेच्या ताम्हनासारखा धरलेला. आणि मोबाइलशी ते बोलत होते:

"नमस्कार. आपण सुखरूप आहात काय? आपले कुटुंबीय कसे आहेत? कृपया त्वरित कळवावे."

मी आजूबाजूला पाहिलं, हे बोलतंय कोण? वहिनी माझ्या कानाशी म्हणाल्या, "त्या फोनातल्या भाषांतरवाल्या बाईले आपली बोली समजत नाही ना. ती तिकडच्या भाषेत सांगते अन् तिकडचं इकडं. एकदा 'काहून गा' म्हटलं, तं तिनं त्याले गाईबद्दल काहीतरी सांगून देल्लं. तेव्हापासून असं पुस्तकातलं बोलतात तिच्याशी. कित्येक वर्षं झाली. माह्याशी नाही बोलले कधी असं."

मोबाइलमधून आधी एक घोगरा, थकलेला पुरुषी आवाज आला. तो रंगनाथ. मागे कोंबडा आरवत होता आणि कोणीतरी पत्र्यावर हातोडा मारत होतं. मला एक अक्षर समजलं नाही, पण नामदेवभाऊ प्रत्येक शब्दाला मान हलवत होते. मग फोनातल्या बाईनं, जिला बारसं आणि बारावं सारखंच, स्वच्छ सुरात सांगितलं:

"मित्रा. आम्ही जिवंत आहोत. नदी घरात आली. छप्पर गेले. सर्व वेली गेल्या. मात्र आता तुमच्या शेंगांना उत्तम भाव मिळेल. तुम्ही फार वाट पाहिली. मला तुमच्यासाठी आनंद झाला आहे."

हातोडा थांबला. कोंबडा मात्र आरवत राहिला.

नामदेवभाऊंनी मान वर केली. मी दिसलो, माझ्या हातातला पेढ्यांचा पुडा दिसला. रागावले नाहीत. उलट, हिशेबात चूक सापडलेल्या माणसासारखे हळू आवाजात म्हणाले, "उजवं कोणतं, ते मी माह्याकडून सांगतलं गा. मारुती समुद्राकडून आला. त्याचं उजवं वेगळं."

 वहिनींनी माझ्या हातातून पुडा काढून घेतला आणि पदराखाली झाकला.

नामदेवभाऊंनी घसा साफ केला. पाठ ताठ केली. मोबाइल तोंडाजवळ नेला.

"मित्रवर्य," ते म्हणाले. "आपणांस कळवण्यात..."

थांबले. पुन्हा सुरुवात केली.

"मित्रवर्य, आपले पत्र... आपला निरोप पावला. या प्रसंगी आम्ही..."

पुढचा शब्द येईना. सगळं शुद्ध मराठी एवढ्यातच संपलं होतं. फोनातली बाई वाट पाहत होती, तिकडे रंगनाथ वाट पाहत होता, वहिनी पदराचं टोक तोंडात धरून उभ्या होत्या. आणि एकदम नामदेवभाऊ बादलीवरून उठले आणि मादागास्करपर्यंत सरळ ऐकू जावं अशा आवाजात ओरडले,

"आग लागो त्या भावाले! तू जेवला का गा, रंगनाथ?"