काका आले की नेट जातं

शेजारचे मेश्राम काका कुणाच्याही घरात शिरले की त्यांचा हात आधी बटणांकडे जायचा. पंखा, टीव्ही, जे चालू असेल ते बंद, मग खुर्ची. "पहिले बंद कर, मंग बोल," हे त्यांचं ब्रीद. बिजली ऑफिसातून रिटायर झाले, पण फॉल्ट शोधणं काही सुटलं नाही.

बालाघाटात तेव्हा ब्रॉडबँड नवं होतं. अमेरिकेत माझ्या बहिणीला बाळ झालेलं, आणि आईला नातवाचं तोंड पाहायचं होतं, म्हणून मी हौसेने वायरलेसचा डबा बसवला. रविवारी संध्याकाळी आई चांगली साडी नेसून लॅपटॉपसमोर बसायची. बहीण दिसायची, बाळाला उचलायला वाकायची, आणि चित्र तिथेच थिजायचं. कित्येक रविवार आईने नुसती बहिणीची वेणी पाहिली.

हे प्रकरण काकांनी अंगावर घेतलं. रविवारी चहाच्या वेळेला ते पहिल्यापासूनच आमच्याकडे असायचे. त्यांनी फ्रिज बंद केला, दूध नासलं. मच्छरचं मशीन उपटलं, आईला डास फोडून खायला लागले. स्टीलच्या डब्यांचं कपाट सरकवलं, वायरलेसच्या डब्याचा चॅनल बदलून पाहिला. शेवटी हरून घरी जायचे, आणि थोड्याच वेळात नेट सुरळीत. तोवर तिकडे बाळ झोपलेलं. काकांचाच पायगुण, असं मी आईला गमतीने म्हणायचो.

एकदा ते टेबलाखाली वाकले तेव्हा सदऱ्याखाली कमरेला लटकवलेला डबा दिसला. त्यातून खरखर येत होती. ती खरखर मी इतके दिवस त्यांच्या खिशातल्या रेडिओची समजत होतो. म्हटलं, काका, सारं बंद केलं, आता हेही करून पाहा.

त्यांनी डब्यावर हात ठेवला. "हे नाही बंद होत, बाबू."

काकू लकवा झाल्यापासून अंथरुणाला खिळलेल्या. मुलीने पुण्याहून ते यंत्र पाठवलं होतं, बाळाचं रडणं दुसऱ्या खोलीत ऐकू यावं म्हणून लोक ठेवतात तसलं. एक डबा काकूंच्या उशाशी, म्हणजे आमच्या दोन घरांमधल्या भिंतीला लागून, आणि दुसरा काकांच्या कमरेला. घराबाहेर पडताना ते चालू करायचे, परतले की बंद. त्या यंत्राच्या लहरी आमच्या वायरलेसच्या आड येत होत्या, हे आम्हा दोघांच्याही एकदमच लक्षात आलं.

"तुही काकू नुसतं हूं म्हणते," काका खाली पाहत म्हणाले. "मले ऐकू आलं पायजे."

मग त्यांनी आईकडे पाहिलं आणि चहा तसाच ठेवून उठले. "वहिनी, तुम्ही नातू पाहा. मी तिच्यापाशी बसतो."

ते गेले आणि चित्र हललं. बाळाने मोठी जांभई दिली. आईला रडूच फुटलं.

तेव्हापासून रविवारी आईचं बोलणं आटपेपर्यंत काका घराबाहेर पडले नाहीत. त्यांचे हे उपकार मी विसरणार नाही. पण नेट चालू आहे की नाही हे कळल्याशिवाय त्यांना चैन कुठली? म्हणून बाळ दिसलं की मी भिंतीवर टकटक करायचो, आणि पलीकडून काकांची खणखणीत टकटक यायची.

एका रविवारी काकांच्या टकटकीमागून आणखी एक आली. हळू, थांबत थांबत. काकूंची.

आई पडद्यावरच्या बाळाला तसंच सोडून उठली आणि भिंतीवर हात ठेवून उभी राहिली.