सकू धवलेरीने बांधिलेल्या मधल्या गाठीची हकिकत

श्री हिरवादेव समर्थ. घळीवरील साकवाची मोहीम कैसी फत्ते जाहली ते साद्यंत लिहिणे, ऐसा हुकूम जाहला. त्यावरून यथामति लिहिले असे.

शके १८३४, परिधावी नाम संवत्सरी, वैशाखमासी घळीच्या अलीकडे जव्हार संस्थानचा करवंदपाडा आणि पलीकडे मोखाड्याच्या इंग्रजी अंमलातील मोहपाडा. वळसा घालावा तर दिवस मोडे. मग करवंदपाड्याचे राजमान्य राजश्री ढवळू पाटील आणि मोहपाड्याचे अखंडितलक्ष्मी-अलंकृत माघ्या पाटील यांणी मसलत करून तह केला की, निम्मा साकव याणी, निम्मा त्याणी बांधावा, आणि म्हैस बुजून मोडल्यास म्हैस ज्याची जिम्मा त्याचा, आणि म्हैस मधोमध बुजल्यास तिचे तोंड ज्या अंमलाकडे तो अंमल जबाबदार. ऐसी कलमे तेरा. तेरावे हे की, मधली गाठ जो बांधील, ती सुटल्यास जोखीम त्याची.

मग दोहींकडील बांबू मधल्या खडकावर येऊन भिडले आणि गाठ कोणी बांधीना. दोन्ही फौजा दोर घेऊन तीन दिवस एकमेकांस "आधी आपण" म्हणत राहिल्या.

इकडे मोहपाड्याच्या सकूचा जीव टांगणीस लागला. ती धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई. आणि करवंदपाड्यास तिच्याच लेकीची लेक गोदी हळद लावून बसलेली. उन्हे कलली, वळशास वेळ उरला नाही. मग बाई संतापून साकवावर चढली आणि बांबू करकरले, कारण बाई अंगाने भरभक्कम. तेरावे कलम ध्यानी घेऊन माघारी फिरणे, ऐसे उभयतां पाटलांनी फर्माविले.

बाई कडाडली, "जलमभर दोन घरांच्या गाठी मीच बांधतां, ही त बांबूची! सुटली त माझेवर. पन माझे लग्नाचा कायदा हाय, एका घरी दुखला त दोनी घरांनी धावाचा. कबूल काय?"

उभयतां पाटलांचीही लग्ने हिनेच लाविली होती, आणि ढवळू पाटील दोनदा पळूनही ती गाठ सुटली नव्हती. तेव्हा चौदावे कलम कबूल जाहले.

मग बाईने गाणे म्हणत पळसमुळ्यांच्या दोराचे सात वेढे दिले, दोन्ही तीरांवरून लोकांनी तांदूळ उधळले, आणि माघ्या पाटील वाजंत्र्यांच्या आधीच नाचो लागले. दिवस बुडण्यापूर्वी गोदीचे लग्न लागले.

पुढे आषाढात घळीतील ओढ्याने साकव नेला. बांबू मोडले, गाठ शाबूत सापडली. दोन्ही पाडे दोर घेऊन धावले, आणि "आधी आपण" कोणी म्हटले नाही. ऐसी फत्ते जाहली, ती दप्तरी नमूद केली असे.