हाड शाबूत असल्याबद्दल

मानवी शरीरात प्रतिष्ठा फक्त हाडांना आहे. हाड मोडलं की माणसाला प्लास्टर मिळतं, पायाखाली उशी मिळते आणि बरं होण्याची तारीखसुद्धा मिळते. लिगामेंट दुखावलं तर यातलं काहीच मिळत नाही. "याला वेळ लागेल," एवढंच डॉक्टर म्हणतात. (किती, ते विचारलं की पुढच्या पेशंटला हाक मारतात.)

ढमीच्या आईने सुरुवातच चुकीची केली. ढमीला कडेवर घेऊन जिना उतरताना पायऱ्या संपल्या असं समजून तिने पाऊल टाकलं. एक पायरी शिल्लक होती. ढमीला ओरखडाही आला नाही. आईचा डावा घोटा टम्म फुगून जांभळा झाला, पण एक्स-रेत हाड अगदी शाबूत निघालं आणि तिथेच तिची बाजू लंगडी पडली.

सूज होती तोवर सहानुभूतीचा पुरवठा सुरळीत होता. सासूबाईंनी शेक दिला. नवऱ्याने स्वतःचा चहा स्वतः केला (दोनदा). मग सूज उतरली. सूज उतरण्यासारखा घातक प्रकार नाही. दुखणं जागेवर राहतं, पुरावा तेवढा निघून जातो. त्यानंतर घरात 'अजून' हा शब्द दाखल झाला.

"अजून दुखतंय?" सासूबाई विचारत.

"अजून?" नवरा विचारी. त्याला ऑफिसची घाई असे.

"माझ्या भावाचा तर पाय मोडला होता," शेजारीण म्हणाली. "दीड महिन्यात पळायला लागला."

"माझाही मोडला असता तर बरं झालं असतं."

"तेच म्हणतेय मी!"

निदान करणारी माणसं तीन, पण निदानं चार निघाली (नवऱ्याची दोन). वजन, चपला, मोबाइल आणि 'तुझं सारखं लक्षच दुखण्याकडे असतं'. आईचं लक्ष खरं तर भलतीकडेच होतं. ढमी सोफ्याला धरून उभी राहू लागली होती. आज ना उद्या ती जिन्याकडे धावणार, आणि आपण लंगडत मागून पोचणार, हे तिला आत्तापासून दिसत होतं. म्हणून ती ओट्यापाशी दुखऱ्या पायावर उभं राहण्याचा, दवाखान्यात सांगितलेला व्यायाम नेमाने करी.

"एवढं उभं राहता येतं," सासूबाई म्हणाल्या, "मग दुखतं तरी कुठे?"

अखेर एका रविवारी ढमी चालली. सोफा ते टेबल. टाळ्या सुरू झाल्या आणि मध्येच थांबल्या. ढमी डावा पाय ओढत होती.

यानंतर घरातली यंत्रणा जी हलली, तिला तोड नाही. ढमीच्या आत्याला फोन गेला. सोमवारी नवऱ्याला रजा मिळाली (एरवी मिळतच नसे). गाडी थेट दवाखान्याच्या दारापर्यंत गेली (आईच्या वेळी जागा कोपऱ्यापलीकडे मिळाली होती). 'अजून' कोणी म्हणालं नाही. मागच्या सीटवर आई ढमीची पावलं दोन्ही हातांत धरून बसली होती. पहिल्या सिग्नललाच तिची शंका हाडापासून निघून मेंदूपर्यंत जाऊन आली होती.

डॉक्टरांनी ढमीला चालवून पाहिलं. मग म्हणाले, "आता तुम्ही चाला बघू."

आई चालली. ढमी खुशीत तिच्यामागे निघाली. दोघींचे डावे पाय एका तालात घसटत गेले.

"मुलीला काहीही झालेलं नाही," डॉक्टर म्हणाले. "चालायचं असंच असतं, अशी तिची समजूत आहे."

परतीच्या वाटेत सगळ्यांनी मोकळा श्वास घेतला आणि घर येण्याआधी उपाय एकमताने मंजूर झाला.

"पोरीसाठी तरी सरळ चाल गं," सासूबाई म्हणाल्या.

"एवढंच तर आहे," नवरा म्हणाला.

उपाय रामबाण निघाला. आई ओठ घट्ट मिटून सरळ चालू लागली. थोड्याच दिवसांत ढमीही सरळ चालू लागली (ओठ घट्ट मिटून). घोटा बरा झाल्याचं घरात जाहीर झालं, आणि शेजारणीने त्याचं श्रेय नव्या चपलांना दिलं.

ज्या वाचकांचा जीव दवाखान्याच्या दारात टांगणीला लागला होता, त्यांच्या माहितीसाठी: ढमी ठणठणीत आहे. दुसऱ्या कोणाबद्दल चौकशी अद्याप आलेली नाही.